वादळी समुद्राच्या तैलचित्राचा चिखल होतोय? या क्रमाने तपासत जा

आधी लक्षणं. यातली दोन-तीन जरी तुमच्या चित्राला लागू पडली, तरी पुढचं वाचा.

– पॅलेटवर स्वच्छ निळा-हिरवा दिसणारा रंग कॅनव्हासवर गेला की शिसपेन्सिलीसारखा करडा होतो.
– फेस पांढरा राहत नाही, भांडी विसळलेल्या पाण्यासारखा दिसतो.
– रंगवताना गडद, ओलसर वाटलेलं आभाळ आठवड्याभरात खडूसारखं निस्तेज होतं, आणि तेही सगळीकडे सारखं नाही, ठिकठिकाणी.
– काळा कितीही वाढवला तरी वादळ येत नाही. चित्र नुसतं अंधारं होतं.
– लाटा एकामागे एक रचलेल्या गाद्यांसारख्या दिसतात.
– बघणारा म्हणतो, "वा, गोदेचा पूर छान आलाय!"

हे शेवटचं लक्षण खास आपल्या नाशिकचं आहे आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. त्याच्याकडे सावकाश येऊ, कारण त्याची दुरुस्तीही सगळ्यात अवघड आहे.

माझ्या घरच्या वर्गात दर पावसाळ्यात असा एक तरी कॅनव्हास येतो. गंगापूर धरणातून पाणी सोडलं, गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं, की लोकांना वादळी पाणी रंगवावंसं वाटतं, आणि नदी सोडून ते थेट समुद्रावर जातात. मला ही ओढ फार समजते. पण तीन-चार बैठकांनंतर ते चित्र काखेत मारून येतात आणि पहिलंच वाक्य असतं, "ताई, रंग बदलू का? महागातले आणू का?" नव्वद टक्के वेळा रंगांचा काहीही दोष नसतो. म्हणून दुकानात जायच्या आधी खालच्या गोष्टी याच क्रमाने बघा. पहिल्या चारांना जवळपास काहीच खर्च नाही.

चित्र खिडकीत न्या

रात्री नोकरीवरून आल्यावर पिवळ्या दिव्याखाली रंगवलेला समुद्र सकाळी निळा-राखाडी आणि मेलेला दिसतो. पिवळ्या उजेडात तपकिरी आणि केशरी छटा जास्त उठून दिसतात, निळ्या दबतात, मग आपण नकळत निळा वाढवत राहतो. सकाळी नऊ-दहाला, थेट ऊन येत नाही अशा खिडकीजवळ चित्र उभं करा आणि दहा पावलं मागे जा. मग मोबाइलवर फोटो काढून तो कृष्णधवल करा. फोटोत सगळं एकाच राखाडी पट्ट्यात मिसळून गेलं असेल तर तुमचा दोष रंगाचा नाही, छायाप्रकाशाचा आहे, आणि ट्यूब बदलून तो जाणार नाही. हा फोटो जपून ठेवा, पुढे लागेल.

टर्पेंटाइनची बरणी बघा

इथेच निम्मी चित्रं सुधारतात. मागच्या वर्षी एक काका आले होते, निवृत्तीनंतर रंगवायला लागलेले, दोन फूट बाय तीन फुटांचा मोठा कॅनव्हास घेऊन. सगळा समुद्र चहाच्या चोथ्याच्या रंगाचा. मी त्यांना म्हटलं, "काका, तुमचं टर्प दाखवा." पिशवीतून लोणच्याची बरणी निघाली. आत कॉफीच्या रंगाचं पाणी, तळाला बोटभर गाळ. ते प्रत्येक रंगानंतर त्याच गाळात ब्रश ढवळत होते, म्हणजे त्यांच्या प्रत्येक पांढऱ्या फटकाऱ्यात त्या महिन्याभरात वापरलेले सगळे रंग थोडे थोडे होते.

दोन बरण्या ठेवा. एक धुवायची, दुसरी फक्त रंग पातळ करायची. धुवायच्या बरणीतलं टर्प रात्रभर हलवू नका, सकाळी वरचं निवळलेलं हलक्या हाताने दुसऱ्या बाटलीत ओता, तळाचा गाळ टाकून द्या. गाळ बेसिनमध्ये ओतू नका, जुन्या कागदात शोषून घ्या आणि कागद मोकळ्यावर सुकवून मग टाका. आणि ब्रश आधी फडक्याने कोरडा पुसायचा, मगच बुडवायचा. एवढं केलं तरी बरणी चौपट दिवस टिकते.

टर्प हार्डवेअरच्या दुकानातलं, दारं-खिडक्यांच्या रंगासाठीचं असेल तर एक चाचणी करा. पांढऱ्या कागदावर एक थेंब टाकून रात्रभर ठेवा. सकाळी तेलकट डाग उरला तर ते चित्रासाठी वापरू नका, फार तर ब्रश धुवायला ठेवा. तो न उडणारा अंश तुमच्या रंगाच्या थरात राहतो आणि थर धड सुकत नाही.

निस्तेज ठिपके: रंग मेलाय की तेल शोषलं गेलंय?

वाळल्यावर चकाकी गेली, गडद भाग खडूसारखे झाले, तर लोक लगेच त्यावर काळा फासतात. थांबा. स्वच्छ टर्पमध्ये बोट बुडवून त्या ठिपक्यावर हलकेच फिरवा. क्षणभर रंग पुन्हा खोल आणि ओला दिसला, तर रंग ठीक आहे. वरच्या थरातलं तेल खालच्या थराने किंवा अस्तराने, म्हणजे कोऱ्या कॅनव्हासवर आधी दिलेल्या लेपाने, पिऊन टाकलंय, एवढंच.

उपाय साधा आहे. थर हाताला पूर्ण कोरडा लागत असेल तेव्हाच लिनसीड (जवसाचं) तेल आणि टर्प समसमान घेऊन त्या भागावर अगदी पातळ चोळायचं, दहा मिनिटांनी सुती फडक्याने जवळजवळ सगळं पुसून काढायचं. नुसती ओलसर झळाळी उरली पाहिजे. जास्त तेल राहिलं तर ते पिवळं पडतं, आणि आभाळाच्या करड्यात पिवळा उतरला की वादळाची सगळी धार जाते. आभाळात बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी वापरलेला असतो तिथे हे ठिपके मला नेहमी जास्त दिसतात. ती माती आहे, तिला तेल फार लागतं.

या कामात एक धोका आहे आणि तो मी प्रत्येकाला सांगते. लिनसीड तेल लागलेलं फडकं चुरगाळून कोपऱ्यात फेकू नका. हे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन सुकतं, त्या क्रियेत उष्णता तयार होते, आणि बोळ्यात अडकलेली उष्णता वाढत जाऊन फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. फडकं गच्चीच्या कठड्यावर किंवा दोरीवर मोकळं पसरून वाळवा, नाहीतर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा.

पॅलेटवरचा काळा बाजूला काढा

काळा वाईट नाही, पण वादळ म्हटलं की हात आधी तिकडे जातो. आयव्हरी ब्लॅक पांढऱ्यात मिसळला की थंड, सपाट राखाडी मिळतो, आणि तो आभाळात, पाण्यात, खडकात सगळीकडे एकच असतो. शिवाय तो फार सावकाश सुकतो.

त्याऐवजी अल्ट्रामरिन हा निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी मिसळा. दोन्ही रंगचक्रावर समोरासमोरचे रंग, त्यामुळे एकमेकांना विझवतात आणि जवळपास काळा होतो. त्यात निळा थोडा जास्त ठेवला की पावसाने भरलेला ढग, सिएना जास्त ठेवला की ढगाची खालची ऊबदार कड. पाण्यासाठी यातच थोडा व्हिरिडियन, म्हणजे थंड हिरवा. एवढ्या तीन रंगांत आणि पांढऱ्यात सगळा समुद्र उभा राहतो. प्रशियन ब्लू वापरत असाल तर डाळीच्या दाण्याएवढाच काढा, तो अख्ख्या पॅलेटवर पसरतो आणि ब्रशमधून जाता जात नाही. एका मिश्रणात तीनपेक्षा जास्त रंग गेले की चिखल होणारच.

पांढरा कुठला आहे तेही ट्यूबवर बघा. झिंक व्हाइट, म्हणजे ट्यूबवर पीडब्ल्यू ४ (PW4) असा रंगद्रव्याचा कोड असलेला, वर्षांनंतर ठिसूळ होतो आणि त्याचे थर भेगाळतात, सुटतात. फेसाचे जाड थर टायटॅनियम व्हाइटने, पीडब्ल्यू ६ ने द्या. काही स्वस्त ट्यूबांत दोन्ही एकत्र असतात, म्हणून बारीक अक्षरं वाचायला हवीत.

खालचा थर खरंच सुकलाय का?

नाशिकमध्ये एप्रिल-मेमध्ये जो थर तीन-चार दिवसांत हाताला लागत नाही, तोच जुलैत मी दहा-बारा दिवस ओला पाहिलाय. आणि आपल्याला वादळ रंगवायची इच्छा होते ती नेमकी जुलैत. कोपऱ्यात नख हलकेच टेकवा. खूण उमटली तर वर पांढरा लावू नका. ओल्या गडद निळ्यावर पांढरा फिरवला की दोन्ही मिसळतात आणि तुमचा फेस राखाडी होतो. मग तो उजळ करायला आणखी पांढरा, आणखी मिसळणं, असं चक्र सुरू होतं.

ओल्यावर ओलं रंगवायचंच असेल तर नाइफने (रंग लावायच्या पातळ, बोथट सुरीने) रंग उचलून एकदाच ठेवा आणि हात काढून घ्या. दुसऱ्यांदा त्या जागी जायचं नाही. मी मुलांसमोर करून दाखवते: नाइफच्या कडेवर पांढरा, त्यात यलो ओकरचा, म्हणजे मातकट पिवळ्याचा, नखभर अंश, लाटेच्या कडेला टेकवला, अर्धा इंच ओढला, उचलला. नाइफ पुसली. पुढचा ठिपका. प्रत्येक वेळी पुसली. बघणाऱ्याला कंटाळा येतो इतक्यांदा पुसली. पण तो फेस पांढरा राहतो.

खाली पातळ, वर तेलकट, हा क्रमही इथेच बघा. खालच्या थरात तेल जास्त आणि वरचा टर्पने पातळ केलेला असेल तर वरचा आधी सुकतो, खालचा नंतर हलतो, आणि वर भेगा पडतात.

वादळ उजेडात असतं

आता तो कृष्णधवल फोटो काढा. वादळी समुद्राचा थरार गडद रंगातून येत नाही, गडदाच्या शेजारी उजेड किती कमी आणि किती नेमक्या जागी ठेवलाय त्यातून येतो. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर फक्त तीन छटांत, गडद, मधली, उजळ, तुमचं चित्र पुन्हा मांडा. पंधरा मिनिटं लागतात. ढगातली फट कुठे आहे? तिथून पडणारा उजेड पाण्याच्या कुठल्या पट्ट्यावर येतो? हे ठरलेलं नसेल तर प्रत्येक लाटेच्या डोक्यावर पांढरा जातो, आणि सगळीकडे पांढरा म्हणजे कुठेच उजेड नाही. दोन फूट बाय तीन फुटांच्या चित्रात शुद्ध पांढरा आपल्या पंजाएवढ्या जागेत मावला पाहिजे, असं मी सांगते.

समुद्रचित्रांसाठी प्रसिद्ध रशियन चित्रकार इव्हान आयवाझोव्हस्कीने १८५० साली रंगवलेलं 'नववी लाट' मोबाइलवर शोधून नीट बघा. सव्वादोन मीटर उंच आणि सव्वातीन मीटरहून जास्त रुंद चित्र आहे. तुटलेल्या डोलकाठीला धरून माणसं लटकलीत, तरी चित्राचा मधला भाग पिवळ्या-गुलाबी उजेडाचा आहे, आणि लाटेच्या पातळ कडेतून प्रकाश आरपार येऊन ती हिरवी झालीय. आणखी एक गोष्ट नाशिककरांना धीर देणारी: आयवाझोव्हस्की समुद्र समोर बसून नाही, स्टुडिओत आठवणीतून रंगवत असे. म्हणजे समुद्र दीडशे किलोमीटर लांब आहे हे कारण चालणार नाही. पण आठवण मात्र समुद्राची हवी.

गोदेचा पूर की समुद्र?

आणि नेमकं तिथेच आपलं अडतं. आपण वाढलो ते गोदेच्या काठी. डोळ्यात खवळलेलं पाणी म्हणून जे साठलंय ते सोमेश्वरच्या धबधब्याचं आणि रामकुंडावरच्या पुराचं. हात समुद्र काढतो, पण त्यातलं पाणी नदीसारखं वागतं. सगळ्या रेषा एका बाजूकडून दुसरीकडे वाहतात, फेसाचे लांब आडवे पट्टे होतात, रंग मातकट होतो. बघणाऱ्याला पूर दिसतो, आणि त्याचं बरोबर असतं.

मला हे कळलं ते एका नारळाने. नारळी पौर्णिमेच्या सुमाराला वरळीला समुद्राच्या कठड्यापाशी उभी होते. किनाऱ्यापासून लांब एक नारळ तरंगत होता. मोठी लाट आली, मला वाटलं आता हा नारळ भिंतीवर आपटणार. तो वर चढला, थोडा पुढे सरकला, लाट त्याच्या खालून निघून गेली, आणि तो खाली उतरत जवळपास होता तिथेच परत आला. पुढची लाट, पुन्हा तेच. अर्धा तास मी त्या नारळाकडे बघत होते. रामकुंडात सोडलेला नारळ पुरात क्षणात तपोवनाकडे गेलेला असतो.

फरक एवढाच आहे आणि सगळं त्यात आलं. नदीच्या खळाळात दगडावरचा उंचवटा जागच्या जागी राहतो आणि पाणी त्याच्यातून वाहून जातं. खोल समुद्रात आकार पुढे जातो आणि पाणी जागच्या जागी वरखाली गोल फिरतं. किनाऱ्याजवळ आल्यावर लाटेचा तळ उथळ जमिनीमुळे मंदावतो, माथा पुढे झुकतो, आणि पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली की ती फुटते.

म्हणून चित्रात हे तपासा. लाटेच्या अंगावरचे ब्रशचे फटकारे कुठे जातात? पायथ्यापासून वर, वळून माथ्याकडे जायला हवेत, कारण पुढून पाणी वर ओढलं जात असतं. फेसाची जाळीसुद्धा लाटेच्या पोटावर त्याच वळणाने ताणलेली दिसते. तुमचे फटकारे आडवे असतील तर तुम्ही नदी रंगवलीत.

मग लाटेचे तीन भाग वेगळे करा. वरचं, सपाट होत गेलेलं पाणी आभाळाचा आरसा असतं, तिथे ढगाचाच करडा हवा. आपल्याकडे तोंड केलेला उभा भाग आरसा नसतो, तिथे पाण्याचा स्वतःचा गडद हिरवा-निळा दिसतो. आणि माथ्याजवळ पाणी पातळ होतं, तिथून मागचा उजेड आरपार येतो, म्हणून तिथे व्हिरिडियन आणि किंचित पिवळा, तोही फक्त ढगाची फट ज्या लाटेमागे आहे तिथेच. दूर क्षितिजाकडे आपली नजर पाण्यावर तिरकी पडते म्हणून आरसा वाढत जातो, समुद्र आभाळाचा होतो. बहुतेक चित्रांत लोक क्षितिजाजवळ सगळ्यात गडद निळा भरतात, आणि समुद्र भिंतीसारखा उभा राहतो.

फेसाचं थोडक्यात: फेस म्हणजे हवेचे बुडबुडे, तो स्वतः पांढरा दिसतो, पण सावलीतला फेस पांढरा नसतो. लाटेच्या खाली आलेला फेस निळसर-जांभळ्या करड्याने रंगवा, मधल्या छटेपेक्षा जेमतेम उजळ. उजेडातल्या चार फटकाऱ्यांनाच खरा पांढरा द्या.

हे दुरुस्त करायला रंग ओला असेपर्यंत नाइफने लाटेचं पोट खरवडून काढा, फडक्याने पुसा, आणि नव्या दिशेने पुन्हा घाला. वाळलेल्या जाड थरावर हे जमत नाही. तसा थर असेल तर मी नवा कॅनव्हास घ्यायला सांगते, आणि पहिले चार दिवस रंगाला हात न लावता समुद्राचे व्हिडिओ बघत नुसत्या पेन्सिलने लाटांच्या दिशा काढायला. पावसाळ्यात मुंबईला काही कामाने गेलात तर तासभर कठड्याजवळ, सुरक्षित अंतरावर, थांबा. एखादी तरंगणारी वस्तू निवडा आणि तिच्याकडेच बघत राहा.

कुठे थांबायचं

एकाच जागी तिसऱ्यांदा खरवडत असाल तर थांबा. अस्तर उघडं पडतं, मग ते आणखी तेल पितं आणि ठिपके वाढतात. चित्र भिंतीकडे तोंड करून दोन आठवडे ठेवा, नाहीतर अनुभवी चित्रकाराला समोर बसवून दाखवा. फोटो पाठवून हा दोष कळत नाही.

वरचा थर सुरकुतला असेल, भेगा पडून रंगाची खपली सुटत असेल, किंवा पावसाळ्यात कॅनव्हासच्या मागे बुरशी आली असेल, तर घरी काहीही लावू नका. तेल नाही, वॉर्निश नाही, ओलं फडकं तर मुळीच नाही. वॉर्निश निरोगी चित्रालासुद्धा सहा महिने ते वर्षभर सुकल्याशिवाय द्यायचं नसतं. चित्र तुमचं स्वतःचं शिकाऊ असेल तर सोडून द्या, नवं करा. पण ते आजोबांनी रंगवलेलं, विकत घेतलेलं किंवा दुसऱ्या कुणाचं असेल तर ते चित्र-संवर्धकाचं काम आहे, चित्रकाराचंही नाही. मी अशी चित्रं हातात घेत नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला-संवर्धनाचं केंद्र आहे, आधी तिथे विचारा.

टर्पच्या वासाने डोकं दुखत असेल, चक्कर येत असेल, हाताला पुरळ उठत असेल तर त्या दिवशीच काम बंद करा, खिडक्या उघडा आणि त्रास थांबला नाही तर डॉक्टरांना दाखवा, सोबत बाटलीवरचं लेबल न्या. पावसामुळे दारं-खिडक्या लावून रंगवणारे खूप जण आहेत, त्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं.

खपली सुटलेलं चित्र न्यायचं असेल तर उभं नेऊ नका. आडवं, रंग वरच्या बाजूला, पुठ्ठ्याच्या खोलगट खोक्यात, रंगाला काहीही टेकणार नाही असं ठेवा. सुटलेल्या खपल्या कागदाच्या पुडीत घालून सोबत द्या, आणि कुठल्या कोपऱ्यातल्या आहेत ते पुडीवर लिहा.